नातीचे केस आणि आजीची साखर

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात शहात्तर वर्षांच्या एक आजी आल्या. एरवी त्यांचा मधुमेह उत्तम आटोक्यात असे. त्या दिवशी उपाशीपोटी साखर ३१२ निघाली. कारण विचारता आजी म्हणाल्या, "पंधरा दिवस इन्सुलिन घेतलेले नाही. टोचणारीचा हात मला नको आहे."

टोचणारी म्हणजे त्यांची नात. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ आजीचे सारे तीच पाहते. तिने कमरेपर्यंतची वेणी कापून मुलांसारखे, मानेवर मशीन फिरविलेले केस ठेवले होते. येथील पार्लरने "घरच्यांना विचारून ये" म्हणून परत पाठविले, तेव्हा ठाण्याला जाऊन ती कापून आली. चाळीत कुजबुज झाली आणि घरातील बोलणे थांबले. आजींची माझ्याकडे एकच मागणी होती: "डॉक्टर, तिची हार्मोन्सची तपासणी लिहून द्या."

(नात आणि आजी या दोघींच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहीत आहे.)

प्रथम वैद्यकीय बाजू सांगतो. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर दाट केस येत असतील किंवा डोक्यावरचे केस गळत असतील, तर तपासणी अवश्य करावी. परंतु स्वतःच्या हौसेने केस कापणे हे कोणत्याही आजाराचे लक्षण नव्हे. त्यावरून कोणाचा लैंगिक कलही ओळखता येत नाही. उकाड्यासाठी, सोयीसाठी किंवा केवळ आवडीसाठी केस कापणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. उलट स्त्रीवरच प्रेम करणाऱ्या कित्येक स्त्रिया वेणीत गजरा माळतात.

या नातीच्या बाबतीत मात्र केसांना अर्थ होता. ती एकटी येऊन भेटली तेव्हा शांतपणे म्हणाली, "डॉक्टरकाका, मला मुलीच आवडतात, हे मला दहावीपासून ठाऊक आहे. वेणी घातली की आरशात मला कोणासाठी तरी शोधलेले स्थळ दिसते. आता मी दिसते."

हे एकटीचेच वेड नव्हे. १९२० च्या दशकात युरोपात आखूड केसांची फॅशन सर्वच स्त्रियांत आली. त्यातच रॅडक्लिफ हॉल या इंग्रज लेखिकेने स्त्रियांच्या परस्परप्रेमावर कादंबरी लिहिली. १९२८ मध्ये न्यायालयाने ती नष्ट करण्याचा आदेश दिला आणि लेखिकेचे कापलेले केस व पुरुषी कोट यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून घरोघर गेली. पुढे अनेकींना ही केशरचना न बोलता आपली ओळख सांगण्याची खूण वाटू लागली. जिथे तोंडाने सांगणे धोक्याचे असते, तिथे माणूस अशा खुणांचा आधार घेतो.

आपल्याकडेही हा विषय काल-परवाचा नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चे. मुंबईत अशा स्त्रियांनी १९९५ मध्ये 'स्त्री संगम' नावाने आपला गट उभारला; तोच पुढे 'लाबिया' म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता माझी एक चूक कबूल करतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एक माता अशाच केसांच्या मुलीला घेऊन आली होती. मी तपासण्या लिहून दिल्या. सर्व निर्दोष आल्या. तेव्हा मी म्हणालो, "लग्न लावून द्या, आपोआप केस वाढवील." मुलगी खाली पाहत बसली होती. लग्नानंतर ती डोकेदुखी आणि निद्रानाशासाठी वर्षानुवर्षे येत राहिली. मी गोळ्या देत राहिलो. प्रश्न एकदाही विचारला नाही. आमच्या न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात हा विषय गुन्ह्यांच्या प्रकरणात होता, हे खरे. पण ती सबब पुरेशी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निकाल दिला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. कोणी डॉक्टर वा बाबा तसे आश्वासन देत असेल, तर तेथून उठून यावे.

आजींना मी हे सारे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग अनपेक्षितपणे आपल्या आजीविषयी बोलू लागल्या. ती बालविधवा नव्हती, पण तिशीतच वैधव्य आले आणि केशवपन झाले. आलवणातील ती आजी पदर घसरला की दचकून डोके झाकी. "तिचे केस काढायचे की ठेवायचे, हे तिला कोणी विचारले नव्हते," आजी म्हणाल्या.

१८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविण्यास नकार दिला, हे आजींना मी सांगितले. स्त्रीचे केस तिच्या इच्छेविरुद्ध कापणे आणि तिच्या इच्छेविरुद्ध वाढवायला लावणे, यांत अंतर फार थोडे आहे. दोन्हींत डोके तिचे आणि हुकूम दुसऱ्याचा असतो.

घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे?

केसांवरून तर्क करून "तू तशी आहेस का?" असे विचारू नये. तिने सांगितलेच, तर पूर्ण ऐकून घ्यावे. लगेच उत्तर देण्याची घाई नको. सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय नातेवाइकांत नेऊ नये. घाईने स्थळे पाहू नयेत. त्यात दोन आयुष्यांची फरपट होते. बोलणे व जेवण बंद करण्याची शिक्षा देऊ नये. ती सतत खिन्न असेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर तिला एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. 'टेलि-मानस' ही शासनाची निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. आणि स्वतःच्या मनातील दुःखही दडपू नये. तेही याच क्रमांकावर बोलता येते. रागात औषध बंद करणे मात्र कधीही नको. इन्सुलिन थांबविल्याने नातीचे केस वाढत नाहीत, आपली साखर तेवढी वाढते.

आजींनी त्याच संध्याकाळी दंड पुढे केला. सर्व मिटले असे मी म्हणणार नाही. देवापुढे त्या अजूनही नातीसाठी 'चांगला मुलगा' मागतात आणि नात ते ऐकून न ऐकल्यासारखे करते. परंतु रविवारी नात पुढ्यात बसते आणि आजी तिच्या डोक्याला तेल लावून देतात. गेल्या खेपेस साखर १२८ होती. जाताना आजी म्हणाल्या, "एक बरे आहे, डॉक्टर. तेल फार कमी लागते."