विश्लेषण : नावाजलेल्या चित्रकाराला फेलोशिप कशाला हवी?

तय्यब मेहता यांचं १९५६ मधलं 'ट्रस्ड बुल' हे चित्र एप्रिल २०२५ मध्ये लिलावात ६१.८० कोटी रुपयांना विकलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० मधल्या चित्राने ६७ कोटींचा टप्पा ओलांडला. असे आकडे वाचल्यावर नाव झालेल्या चित्रकाराला वेगळी आर्थिक मदत कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण लिलावाचे पैसे मिळतात ते चित्राच्या त्या वेळच्या मालकाला. शिवाय गायतोंडे २००१ मध्ये आणि मेहता २००९ मध्ये गेले. चित्रकाराला पैशांची गरज असते ती चित्र सुचत आणि घडत असताना.

पुरस्कार आणि फेलोशिप यांत फरक काय?

पुरस्कार झालेल्या कामासाठी असतो, तर फेलोशिप अजून न झालेल्या कामासाठी. एखादी शैली विकली जाऊ लागली की गॅलरी आणि ग्राहक तसंच चित्र पुन्हा मागतात. नवं काही करून पाहायचं तर वर्ष-दोन वर्षं विक्री थांबू शकते. घरभाडं, स्टुडिओचं भाडं, रंग आणि कॅनव्हासचा खर्च मात्र थांबत नाही. त्यामुळे अनेक चित्रकार शिकवण्या, नोकरी किंवा मागणीनुसार चित्रं यांतच अडकून राहतात. फेलोशिप हा मधला काळ सांभाळते.

मुंबईच्या चित्रकारांना त्याचा काय उपयोग झाला?

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या तिघांची उदाहरणं पुरेशी आहेत. गायतोंडे यांना १९५७ मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळालं होतं. त्यानंतर १९६४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीतून ते न्यूयॉर्कला गेले. वर्षाला मोजकीच चित्रं करणाऱ्या या माणसाला वेळेची किंमत वेगळी सांगायची गरज नव्हती.

याच निधीतून १९६८ मध्ये तय्यब मेहता अमेरिकेला गेले. तिथे बार्नेट न्यूमन यांची चित्रं पाहून ते थक्क झाले. परतल्यावर १९६९ पासून त्यांच्या चित्रांत कॅनव्हासला तिरका छेद देणारी रेषा आली आणि तीच पुढे त्यांची ओळख ठरली.

सर्वांत बोलकं उदाहरण अकबर पदमसी यांचं. १९६९ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाल्यावर त्यांनी मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले तिथे एकत्र काम करू लागले. पदमसींनी स्वतः दोन प्रायोगिक लघुपट केले. त्यांतल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची एकमेव प्रत हरवली. हिशेबाच्या वहीत हा तोटाच दिसेल. पण याच वर्कशॉपमध्ये जे. जे. मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांच्या हाती कॅमेरा आला. व्हिडिओ कलेतलं त्यांचं नाव आज जगभर घेतलं जातं आणि २०२३ मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला. एकाला मिळालेला वेळ दुसऱ्याच्याही कामी आला.

आज अशी मदत कोण देतं?

अमेरिकेतलं पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशन १९८५ पासून व्यावसायिक चित्रकारांना अनुदान देतं. चित्रकार ली क्रॅस्नर यांच्या मालमत्तेतून ते उभं राहिलं. कामाचा दर्जा आणि आर्थिक गरज हे दोन निकष आहेत. विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, इतर देशांतल्या कलाकारांना मिळू शकतं. ब्रिटनमधलं पॉल हॅम्लिन फाउंडेशन तिथल्या कलाकारांना तीन वर्षांत विभागून रक्कम देतं आणि तिचा वापर कसा करायचा, हे कलाकारावर सोडतं.

भारतात केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची सीनियर फेलोशिप आहे. चाळिशी ओलांडलेल्यांसाठी दरमहा २० हजार रुपये, दोन वर्षं. म्हणजे एकूण ४ लाख ८० हजार. वर्षाला जास्तीत जास्त २०० जणांना ती मिळते आणि त्यात संगीत, नृत्य, नाटक, साहित्य असे सगळेच आले.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण रकमेची. मुंबई-पुण्यात २० हजारांत घर आणि स्टुडिओ दोन्ही चालवणं अवघड आहे. दुसरी अडचण कागदांची. आधी प्रकल्प मांडायचा, मग दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा. सार्वजनिक पैशांचा हिशेब हवाच, त्यावर वाद नाही. पण दोन वर्षांनी काय रंगवणार, हे आज नेमकं सांगता येत असेल, तर त्या चित्रकाराला फेलोशिपची फारशी गरज नाही. संशोधन विभागाकडून कोणतीही शहाणी कंपनी दर तिमाहीला विक्रीचे आकडे मागत नाही.

मग काय करायला हवं?

निवड कडक ठेवावी, पण निवड झाल्यावर विश्वास ठेवावा. संख्या वाढवता येत नसेल, तर निदान रक्कम शहरांतल्या खर्चाशी जुळवावी. सहामाही अहवालांऐवजी शेवटी एक प्रदर्शन किंवा कामाची खुली मांडणी मागावी आणि फसलेला प्रयोगही त्यात मान्य असावा. महाराष्ट्रात चित्रकारांचे सत्कार कमी होत नाहीत. मात्र शाल-श्रीफळ घेऊन घरी परतलेल्या चित्रकाराला दुसऱ्या दिवशी सकाळी निवांतपणे कॅनव्हाससमोर उभं राहता येतं का, हे आता पाहायला हवं.