विश्लेषण : लोकसेवेची इंटर्नशिप कुणाला परवडते? उन्हाळी विद्यावेतनाचा प्रश्न नेमका काय?

परीक्षा संपत आल्या की महाविद्यालयांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर ‘इंटर्नशिप’ हा शब्द फिरू लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ही केवळ हौस राहिलेली नाही, ती पदवीचाच भाग झाली आहे. पण एखाद्या मंत्रालयात, जिल्हा परिषदेत किंवा स्वयंसेवी संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने काम करायचे तर राहण्या-जेवणाचा खर्च कोणी करायचा? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर ‘विद्यार्थ्याने’ असेच आहे. त्यामुळे लोकसेवेचा पहिला अनुभव कोणाला मिळणार, हे गुणवत्तेआधी घरची परिस्थिती ठरवते.

इंटर्नशिप आता आवश्यक का झाली?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात उन्हाळी इंटर्नशिपला श्रेयांक देण्यात आले. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम गृहीत धरले जाते. म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास झाले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे असेल, तरी उन्हाळी सत्रात चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज सहभाग कार्यक्रम हे घटक श्रेयांकांत आणले. तास मोजण्याची व्यवस्था अशी तयार झाली, मात्र त्या तासांसाठी विद्यावेतन देणे काम देणाऱ्यावर बंधनकारक नाही.

इथे शिकाऊ उमेदवारी (अ‍ॅप्रेंटिसशिप) आणि इंटर्नशिप यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात किमान विद्यावेतनाची तरतूद आहे. इंटर्नशिपला असे कायद्याचे कवच नाही.

विद्यार्थ्यावर नेमका किती भार पडतो?

खासगी कंपन्यांतील इंटर्नशिपमध्ये निदान अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा शाखांत पैसे मिळण्याची शक्यता असते. कला, समाजकार्य, विधि, लोकप्रशासन या शाखांचे विद्यार्थी जिथे जातात, त्या कार्यालयांकडे आणि संस्थांकडे बहुधा त्यासाठी पैसा नसतो. उदाहरणादाखल, धुळे जिल्ह्यातील एखादी विद्यार्थिनी पुण्यातील संस्थेत दोन महिने काम करायला आली, असे समजू. भागीदारीतील खोली, खाणावळ आणि बसभाडे मिळून महिन्याला आठ हजार रुपये धरले तरी १६ हजार रुपये लागतात. याच सुट्टीत ती गावी शेतात, दुकानात किंवा शिकवण्या घेऊन चार पैसे कमावत असेल, तर तेही बुडतात. वरवर मोफत दिसणाऱ्या इंटर्नशिपची किंमत अशी दुहेरी असते.

परिणामी, ज्याचे घर मुंबई, पुणे किंवा दिल्लीत आहे किंवा ज्याचे पालक हा खर्च उचलू शकतात, त्याच्या बायोडेटात मंत्रालयाचे नाव येते. पुढे फेलोशिप, परदेशी शिक्षण किंवा धोरणविषयक नोकरीसाठी अर्ज करताना हाच अनुभव विचारला जातो. सुरुवातीचा फरक पुढे वाढत जातो.

सरकारी कार्यालयांत विद्यावेतन मिळते का?

याबाबत एकच धोरण नाही. देशाची धोरणे आखणाऱ्या निती आयोगाची इंटर्नशिप विनावेतन आहे. परराष्ट्र मंत्रालयाने मात्र महिना १० हजार रुपये मानधन आणि आपल्या राज्यातून दिल्लीला येण्याजाण्याचे विमानभाडे देण्याचे धोरण ठेवले. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी प्रशिक्षणात पदव्युत्तर, एकात्मिक अभ्यासक्रम आणि विधि शाखेच्या विद्यार्थ्यांना महिना २० हजार रुपये दिले जातात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने मोठ्या शहरांबाहेरील महिलांसाठी दोन महिन्यांची इंटर्नशिप जाहीर केली, तेव्हा महिना २० हजार रुपयांसोबत रेल्वेभाडे आणि वसतिगृहाची सोयही देऊ केली.

यातील शेवटचे उदाहरण महत्त्वाचे आहे. लहान शहरातील मुलीला दिल्लीत यायचे तर केवळ मानधन पुरेसे नसते, सुरक्षित निवासही लागतो, हे त्यात लक्षात घेतलेले दिसते. मात्र अशा संधी मोजक्या आहेत आणि त्या त्या मंत्रालयाच्या पुढाकारावर अवलंबून आहेत.

केंद्र आणि राज्याच्या मोठ्या योजना उपयोगी नाहीत का?

२०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० मोठ्या कंपन्यांत संधी देण्याचे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक टप्प्यात महिना पाच हजार रुपये (त्यातील ४,५०० केंद्राचे, ५०० कंपनीचे) आणि एकदाच सहा हजार रुपये अशी रचना होती. पण हा कालावधी १२ महिन्यांचा होता, वयाची अट २१ ते २४ वर्षांची होती आणि पूर्णवेळ शिक्षण घेणारे अपात्र होते.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकारी कार्यालयेही येतात. तिथे बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार, तर पदवीधरांना १० हजार रुपये महिना ठरले. पण शिक्षण सुरू असलेले उमेदवार याही योजनेत बसत नाहीत. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी तर पदवी आणि कामाचा अनुभव दोन्ही लागतात.

म्हणजे शिक्षण संपल्यावर प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा उपलब्ध आहे. ज्याला पदवीसाठीच उन्हाळ्यात १२० तास भरायचे आहेत, त्याच्यासाठी मात्र या योजनांचे दार बंद आहे.

‘स्वच्छ भारत’ इंटर्नशिपमध्ये काय होते?

उन्हाळी लोकसेवेचा मोठा देशव्यापी प्रयोग २०१८ मध्ये झाला. स्वच्छ भारत उन्हाळी इंटर्नशिपमध्ये मे ते जुलै या काळात विद्यार्थ्यांनी गावात किमान १०० तास काम करायचे होते. त्यासाठी यूजीसीने दोन श्रेयांक देण्याची मुभा दिली. उत्कृष्ट कामाला विद्यापीठ, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर रोख बक्षिसे होती. पण सरसकट विद्यावेतन नव्हते.

या रचनेची एक जमेची बाजू अशी की काम गावात असल्याने विद्यार्थी आपल्या घराजवळ राहून ते करू शकत होता. उणीव अशी की बक्षीस शेवटी आणि मोजक्यांनाच मिळते. सुट्टीतली मजुरी सोडायची की नाही, हा निर्णय मात्र मे महिन्यातच घ्यावा लागतो.

अमेरिकेने हा प्रश्न कसा हाताळला?

तिथेही वर्षानुवर्षे लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत विद्यार्थी फुकट राबत. ‘पे अवर इंटर्न्स’ या संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत प्रतिनिधिगृहातील दहा टक्क्यांहूनही कमी कार्यालये पैसे देत असल्याचे आढळले. त्यानंतर दबाव वाढला आणि २०१८ मध्ये काँग्रेसने त्यासाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रतिनिधिगृहासाठी ८८ लाख डॉलर, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या कार्यालयाला वर्षाला २० हजार डॉलर, तर सिनेटसाठी ५० लाख डॉलर ठरले. व्हाइट हाऊसने २०२२ च्या उत्तरार्धात पहिल्यांदाच आठवड्याला ७५० डॉलर देण्यास सुरुवात केली.

दुसरा मार्ग विद्यापीठांचा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या १९६९ च्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन लोकसेवेच्या उन्हाळी इंटर्नशिपचा उपक्रम उभा केला. अनेक विधि महाविद्यालयांत विद्यार्थी संघटना लिलाव भरवून निधी गोळा करतात आणि गरिबांसाठी मोफत वकिली करणाऱ्या संस्थांत जाणाऱ्या सहाध्यायांना देतात. तिसरा मार्ग केंद्रीय निधीचा. १९६४ पासून सुरू असलेल्या ‘वर्क-स्टडी’ योजनेत गरजू विद्यार्थ्यांच्या कामाचा मोबदला अंशतः सरकार देते आणि महाविद्यालयाला मिळालेल्या निधीपैकी किमान सात टक्के रक्कम समाजसेवेच्या कामांवर खर्च करणे बंधनकारक असते.

युरोपातही फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून अधिक काळाच्या इंटर्नशिपला किमान मोबदला देणे कायद्याने सक्तीचे आहे. युरोपीय महासंघाच्या परदेशांतील कार्यालयांत बिनपगारी प्रशिक्षणार्थी ठेवणे हा गैरकारभार असल्याचा निष्कर्ष महासंघाच्या लोकपालांनी २०१७ मध्ये काढला होता.

‘सेवेला पैसे कशाला?’ हा आक्षेप कितपत योग्य?

सेवा निःस्वार्थ असावी, हा विचार आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ पासून याच भावनेवर चालते. पण एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, ते महाविद्यालयाच्या दिनक्रमात बसतात आणि विशेष शिबिर सात दिवसांचे असते. घर सोडून दोन महिने पूर्णवेळ काम करणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे विद्यावेतन हा सेवेचा मोबदला नसून ती सेवा करता यावी म्हणून दिलेला निर्वाहखर्च ठरतो.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतून ‘कमवा आणि शिका’ हा विचार रुजला. त्याच नावाच्या योजनेत आजही विद्यापीठे विद्यार्थ्यांना तासांनुसार मोबदला देतात. हे काम बहुतेक ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा आवारातल्या ठिकाणी होते. ते आवाराबाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामपंचायतीपर्यंत नेता येईल का, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यावेतन मिळू लागले की रिक्त पदे भरण्याऐवजी कार्यालये इंटर्नवरच काम भागवतील, अशी भीती असते. यावर उपाय म्हणजे कालावधी, कामाचे स्वरूप आणि मार्गदर्शक आधी लेखी ठरवणे आणि नियमित कर्मचाऱ्याचे काम त्यातून वगळणे.

खर्च किती आणि पैसा कसा द्यावा?

एखाद्या विद्यापीठाने एक हजार गरजू विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी दरमहा १० हजार रुपये द्यायचे ठरवले, तर एका उन्हाळ्याचा खर्च दोन कोटी रुपये होईल. सरकार, विद्यापीठ, माजी विद्यार्थी आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांनी तो वाटून घेतला, तर एकावर भार पडणार नाही. आपल्याच तालुक्यात काम करणाऱ्याला निवासाचा खर्च नसल्याने रक्कम कमी ठेवता येईल.

रकमेइतकेच महत्त्व वेळेला आहे. काम संपल्यावर, प्रमाणपत्र जमा केल्यावर तीन महिन्यांनी खात्यात पैसे येणार असतील, तर सुरुवातीला उसने घ्यावेच लागतात. ज्याच्याकडे खोलीची अनामत भरायला पैसे नाहीत, त्याला अशा योजनेचा उपयोग नाही. म्हणून किमान अर्धी रक्कम निवड होताच देणे, निवडीत उत्पन्नाचा विचार करणे आणि उन्हाळ्याच्या आत म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये निकाल लावणे, या तीन गोष्टी योजनेत असायला हव्यात.

श्रेयांकांच्या सक्तीमुळे उन्हाळ्यात काम शोधणाऱ्यांची संख्या आता दरवर्षी वाढणार आहे. त्यातले किती जण प्रत्यक्ष गावात, रुग्णालयात, न्यायालयात जाऊन काम शिकतील आणि किती जण ओळखीच्या दुकानातून केवळ सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आणतील, हे बऱ्याच अंशी या खर्चाची जबाबदारी कोण घेतो यावर ठरेल.