विश्लेषण : पीसी वारंवार बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी कारण शोधा!

दुरुस्तीच्या दुकानात पीसी नेला की पहिले वाक्य बहुतेक ठरलेले असते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ ग्राहकही मान हलवतो. विंडोज नव्याने टाकली जाते आणि पीसी चकाचक सुरू होतो. मात्र डेस्कटॉपवरचे फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट यांपैकी ज्याची दुसरी प्रत नव्हती ते सगळे गेलेले असते. आठवडाभरात पीसी पुन्हा तसाच बंद पडतो, कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच.

फॉरमॅट हा इलाज आहे, पण मोजक्या आजारांवरचा. तो सर्वांत आधी सुचवला जातो यामागे तंत्रापेक्षा सोय जास्त आहे. बिघाड शोधायला दोन-तीन तास जाऊ शकतात आणि त्या शोधाचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. विंडोज टाकण्याचे पैसे मात्र निमूट दिले जातात.

पीसी नेमका कसा बंद पडतो?

अर्धे निदान या प्रश्नातच आहे. कोणताही संदेश न येता, वायर उपटल्यासारखा पीसी बंद होत असेल तर संशय उष्णता किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा. निळा पडदा येत असेल तर ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क. एकच प्रोग्राम बंद होत असेल आणि बाकी सगळे सुरळीत असेल, तर आधी तो प्रोग्राम अपडेट करून पाहावा.

निळ्या पडद्याला लोक घाबरतात, पण तो आपल्या फायद्याचा असतो. पुढे चालत राहिल्यास डेटा खराब होईल असे दिसल्यावर विंडोज स्वतःच थांबते आणि खाली ‘स्टॉप कोड’ लिहून जाते. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे.) त्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पडदा निघून गेला असेल तर स्टार्ट मेनूत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केल्यावर कोणत्या दिवशी काय बंद पडले याची तारीखवार नोंद दिसते. पीसी अचानक बंद पडू लागला तो दिवस आणि एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम टाकल्याचा दिवस एकच निघाला, तर तो काढून पाहणे हा फॉरमॅटपेक्षा कितीतरी स्वस्त प्रयोग आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीने मात्र अनेकांची फसगत होते. ती पाहून लगेच नवा एसएमपीएस आणला जातो. प्रत्यक्षात ही नोंद एवढेच सांगते की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. का झाला, ते ती सांगत नाही.

उष्णता, धूळ आणि संगणकाचे टेबल

गेम किंवा व्हिडीओ एडिटिंग सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पीसी बंद पडतो आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होतो? हे उष्णतेचे ठळक लक्षण आहे. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तापमान तरीही वाढत जाऊन धोक्याची मर्यादा ओलांडली की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा थेट बंद होते. विदर्भात खोलीतच चाळिशीचा पारा असेल तर पंख्याला थंड हवा मिळणार कुठून? त्यात आपल्याकडची संगणक टेबले! सीपीयू ठेवायला तीन बाजूंनी बंद कप्पा, त्याला वर दारही. गरम हवा आतल्या आत फिरत राहते. सीपीयू कप्प्यातून बाहेर काढणे हा यातला बिनखर्चाचा उपाय. वायर काढून ब्रशने धूळ साफ करावी. ब्लोअर वापरायचा असल्यास पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पीसी चार-पाच वर्षे जुना असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

रॅमबाबत दुकानदारांची खोडरबरची युक्ती हसण्यावारी नेऊ नये. दमट हवेत रॅमच्या पट्टीवरचे संपर्कबिंदू खराब होतात. ते हलकेच पुसून पट्टी पुन्हा नीट बसवली की अनेकदा काम भागते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, दोषी लगेच सापडते. वीज गेल्याक्षणी यूपीएस असूनही पीसी रिस्टार्ट होत असेल तर बहुधा यूपीएसची बॅटरी संपली आहे.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर क्रम उलटा करावा लागतो. आधी डेटा बाहेर, मग तपासणी. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन् तास चेक डिस्क चालवणे म्हणजे उरलासुरला डेटाही धोक्यात घालणे.

मोठ्या बिघाडांतही फॉरमॅट उपयोगी ठरला नाही

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणे. त्याच वर्षी इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत होते आणि पडद्यावर संदेश ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा येत होता. दोष निघाला प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा. त्यासाठी बायोस अपडेट आले, इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र बदलण्यावाचून पर्याय नव्हता, मग विंडोज कितीही वेळा टाका.

मग फॉरमॅट कधी?

डिस्क नवी बसवली, व्हायरस हटत नसेल किंवा कुठल्याशा ‘अॅक्टिव्हेटर’ने चालू केलेली चोरीची विंडोज असेल, तेव्हा जरूर. त्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते. बायोसमध्ये बदल झाला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी ती कागदावर लिहून घरी ठेवावी, कारण ती नसेल तर डेटा दुकानदारालाही उघडता येत नाही आणि कंपनीलाही.