वेग येतो, पण थांबणे येते का?



आपल्या वस्त्यांतील मुलांच्या हाती आता दीडशे-दोनशे सी.सी.च्या गाड्या आल्या आहेत. कोणी पार्सल पोहोचवण्याच्या कामासाठी घेतली, कोणी कंपनीत पाळीला जाण्यासाठी, तर कोणी निव्वळ हौसेने. बहुतेक गाड्या हप्त्यावर घेतलेल्या. या मुलांच्या तोंडी अलीकडे एक शब्द वरचेवर येतो. तो म्हणजे ट्रॅक डे. आईबापांना त्यातून शर्यत एवढेच कळते आणि घरात वाद सुरू होतो. आई म्हणते, "हातपाय मोडून घ्यायला वर पैसे भरायचे?" मुलगा म्हणतो, "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही." आईची काळजी खरी आहे आणि मुलाची हौसही खरी आहे. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी समजून घ्या. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त रस्ता एका दिवसासाठी सामान्य चालकांना फी घेऊन खुला करतात. अनुभवाप्रमाणे गट पाडतात. प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या मिळतात. तेथे समोरून ट्रक येत नाही, मध्येच म्हैस किंवा कुत्रे येत नाही. रुग्णवाहिका उभी असते आणि वळणावळणावर झेंडेवाले असतात. पहिला कोण, दुसरा कोण हे कोणी मोजत नाही.

आपल्या देशात असे ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा मद्रासचा ट्रॅक आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे हा सुमारे २.१ किलोमीटरचा ट्रॅक २००३ साली सुरू झाला. उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ मध्ये उभे राहिले. त्याची लांबी पाच किलोमीटरहून थोडी अधिक, जिल्हा गौतम बुद्ध नगर. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली. नाव ऐकून आपल्याला बरे वाटते, पण नावामुळे कोणी पडायचा राहत नाही. त्यासाठी तयारीच लागते.

मग मुलाला नाही म्हणून मोकळे व्हावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. ज्या मुलाला वेगाची ओढ आहे, तो घरी बसत नाही. तो रात्री अकरानंतर मित्रांना घेऊन हायवेला जातो. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर कलम १९९ अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि कायद्याआधी डंपर आहे, दुभाजक आहे, रस्ता ओलांडणारी म्हातारी आहे. ट्रॅकवर मुलाने चूक केली तर बहुतेक वेळा तो घसरत गवतावर किंवा खडीवर जातो. हायवेवर तशीच चूक केली तर तो आणि आणखी कोणी, दोघेही जातात. म्हणून जावे की न जावे यापेक्षा तयार झालो हे कसे ओळखावे, हा खरा प्रश्न आहे.

यात दोन गैरसमज आहेत. एक, मी पाच वर्षे गाडी चालवतो म्हणजे मी तयार आहे. दुसरा, मोठी महागडी गाडी असल्याशिवाय ट्रॅकवर जाताच येत नाही. दोन्ही चूक. पाच वर्षे एकच चुकीची सवय घोटली असेल तर ती ट्रॅकवर अधिक वेगाने घात करते. आणि शिकायला दीडशे सी.सी.ची गाडी पुरेशी असते. उलट ती बरीच, कारण तिच्यावर चूक सावरायला वेळ मिळतो. फार वेगवान असण्याचीही गरज नाही. नवख्यांसाठी वेगळा गट असतो तो याचसाठी.

पहिली परीक्षा थांबण्याची. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, १२० च्या वेगात सुमारे ३३ मीटर. पण ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या दुप्पट नव्हे, चौपट होते. हा हिशेब डोक्यात असला पाहिजे. पुढचा ब्रेक दाबायला भिणारा आणि केवळ मागच्या ब्रेकवर गाडी थांबवणारा मुलगा अजून तयार नाही, कारण थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या चाकात असते. तो ब्रेक झटक्याने आवळायचा नसतो, चढत्या जोराने दाबायचा असतो. १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले, परंतु अनेक गाड्यांत ते पुढच्या चाकापुरतेच आहे, आणि जुन्या गाडीला ते नसतेच. आधी रिकाम्या मैदानात ताशी ४० च्या वेगात हे इतके घोटा की विचार न करता हात बरोबर चालेल.

दुसरी परीक्षा नजरेची. गाडी आपण जिथे बघतो तिकडे जाते. वळणावर ज्याची नजर पुढच्या चाकाजवळ किंवा कडेच्या भिंतीवर खिळते, तो तिकडेच जाऊन आदळतो. वळण येण्याआधी वेग कमी झालेला असावा, योग्य गिअर पडलेला असावा आणि डोळे वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेकडे असावेत. गिअर टाकताना खाली पाहावे लागत असेल, क्लच सोडताना गाडी हिसका देत असेल, तर आणखी दोन महिने थांबा. बिघडत काही नाही.

तिसरी परीक्षा सर्वांत अवघड, ती स्वभावाची. ट्रॅकवर तुम्हाला कोणीतरी मागे टाकणारच. तुमच्यापेक्षा लहान गाडीवरचा मुलगा किंवा एखादी मुलगी बाजूने निघून जाईल. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ मध्ये बाहा विश्वचषकात महिला गटाचे जेतेपद मिळवले, हे मुलांनी आणि मुलींनीही लक्षात ठेवावे. मागे पडल्यावर ज्याचे रक्त तापते आणि जो पुढच्या वळणावर हिशेब चुकता करायला जातो, त्याचे हात कितीही सफाईचे असले तरी तो तयार नाही. तसेच सांगितलेले ऐकणे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कोणाला ओलांडू नका. लाल झेंडा म्हणजे फेरी बंद, सावकाश परत या. काळा झेंडा तुम्हाला दाखवला तर तुम्ही बाहेर या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. चौकड्यांचा म्हणजे पाळी संपली. सकाळच्या सूचनांच्या वेळी जो मोबाईल पाहत बसतो, त्याला आम्ही घरी पाठवले असते.

चौथी परीक्षा गाडीची आणि अंगावरच्या सामानाची. ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. ब्रेक पॅड पुरेसे जाड आहेत का, टायरला नक्षी उरली आहे का, चेन फार सैल किंवा फार ताणलेली नाही ना, ऑइल कुठून गळत तर नाही ना. एका गाडीचे ऑइल सांडले तर मागून येणारे चौघे पडतात, म्हणून गळणारी गाडी आयोजकही आत सोडत नाहीत. आरसे आणि दिवे यांना चिकटपट्टी लावायला किंवा ते काढायला सांगतात. टायरमधली हवा किती ठेवायची हे तेथेच विचारावे. पहिल्या एक-दोन फेऱ्या टायर थंड असतात, तेव्हा गाडी जास्त झुकवू नये. अंगात चामड्याचा पोशाख, पाठीचे संरक्षक, पूर्ण बोटांचे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि तोंड झाकणारे हेल्मेट हवे. एकदा आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी निकामी समजावे. पोशाख परवडत नसेल तर भाड्याने मिळतो का ते आयोजकांना विचारा. जीन्सवर भागेल असे मात्र म्हणू नका.

पाचवी परीक्षा जमाखर्चाची. आम्ही कारकुनी करणारी माणसे, ही बाजू आम्हाला जास्त कळते. फी, पेट्रोल, टायर आणि ब्रेकची झीज, पोशाखाचे भाडे, राहणे हे सगळे कागदावर लिहा. मुंबई-पुण्याहून चेन्नई हजार किलोमीटरहून अधिक आहे. गाडी तेथवर चालवत नेऊन, थकलेल्या अंगाने ट्रॅकवर उतरणे मूर्खपणाचे आहे. मग ती रेल्वेने किंवा टेम्पोने न्यायची, तोही खर्च मांडा. काही आयोजक किंवा प्रशिक्षण शाळा गाडीही देतात. कित्येकदा तेच स्वस्त पडते.

आता खालची ओळ वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी मोडली तर विमा कंपनी पैसे देईल, असे धरून चालू नका. अपघात विम्यातही अशी अट आहे का, हे लेखी विचारून घ्या. आयोजक जो कागद सहीला देतात तो पूर्ण वाचा. त्यात बहुधा जबाबदारी तुमचीच असे लिहिलेले असते. मोटारसायकलवरून पडल्यावर मोडणारे नेहमीचे हाड म्हणजे खांद्याजवळचे कॉलर बोन. ते जुळायला दीड महिना, कधी त्याहून अधिक लागतो. रोजच्या कामावर पोट असलेल्या मुलाने स्वतःला विचारावे की दोन महिने हात गळ्यात बांधून बसलो, तर घरभाडे, गाडीचा हप्ता आणि धाकटीची फी कोठून येईल? याचे उत्तर पासबुकात असेल तर जा. ते आईच्या मंगळसूत्रात असेल तर जाऊ नका.

आईबापांना आमचे सांगणे एवढेच की, नुसते रागावू नका. मुलाला जवळ बसवून या पाच परीक्षांची उत्तरे वहीत लिहून मागा. जो मुलगा ती वही प्रामाणिकपणे भरतो, एखादे उत्तर नाही आले म्हणून स्वतःहून सहा महिने थांबतो आणि मैदानात सराव करतो, त्याला सहा महिन्यांनी आनंदाने पाठवा. जो वही पाहून चिडतो, त्याला पाठवू नका.

आणि मुलांनो, गेल्यावर पहिली पाळी केवळ रस्ता पाहण्यात घालवा. दक्षिणेचे ऊन कडक असते, तहान लागण्याआधी पाणी प्या. दुपारनंतर हात जड होतात, डोळे मंद होतात, पण मनाला वाटते की आता कुठे जमायला लागले. पैसे भरलेले असतानाही शेवटची पाळी सोडून, गाडी टेम्पोत चढवून जो परत निघतो, तो मुलगा खरा तयार झाला असे आम्ही समजतो.