विक्रीसाठी नाही!

बॉस, कबुली आधीच देऊन टाकते. गेल्या महिन्यात एका अख्ख्या लेखमालेचं मानधन मी एका काळ्या तबकडीवर उडवलं. घरभाडं उशिरा दिलं, नवे शूज रद्द केले आणि ती तबकडी कपड्यांच्या मधोमध गुंडाळून चतुर्थीला बांद्याला घेऊन गेले. वाजवायला प्लेअर नको का? तो मामाकडे आहे. मुंबईत नोकरी करताना घेतलेला, अजून ठणठणीत.

मामाने तबकडी उजेडात धरली. ‘‘ह्यो काय गो, घावन्यांचो तवो?’’

आता मामाला कसं सांगायचं, की हा तवा म्हणजे एल्व्हिस कॉस्टेलोचा ‘लाइव्ह ॲट द एल मोकॅम्बो’ आहे! (एल्व्हिस म्हटल्यावर प्रिस्ली आठवला असेल तर थांबा. हा लंडनचा. खरं नाव डेक्लन मॅकमॅनस. जाड चष्मा, तिरकस गाणी.) ६ मार्च १९७८ या दिवशी टोरांटोच्या एल मोकॅम्बो नावाच्या छोट्या बारमध्ये त्याचा आणि त्याच्या ‘द अट्रॅक्शन्स’ या बँडचा कार्यक्रम झाला. बार छोटा, पण वट मोठा. वर्षभर आधी रोलिंग स्टोन्स तिथेच खोटं नाव लावून वाजवून गेले होते. कॉस्टेलोचा कार्यक्रम तिथल्या सीएचयूएम-एफएमने थेट ऐकवला. मग सीबीएसच्या कॅनडा शाखेने त्याची रेकॉर्ड काढली. पण दुकानांसाठी नाही! रेडिओवाले आणि पत्रकार यांना फुकट वाटायला. संग्राहक सांगतात, जेमतेम ५०० प्रती.

यालाच म्हणतात प्रमोशनल प्रेसिंग, लाडाने ‘प्रोमो’. फंडा सोपा आहे. गाणं रेडिओवर वाजलं, पेपरात छापून आलं, की लोक दुकानात जाणार. म्हणून आधी थोड्या प्रती काढून योग्य हातांत द्यायच्या. त्यावर शिक्का किंवा छापील ओळ असायची, ‘विक्रीसाठी नाही’. आणि गंमत बघा, ज्या वस्तूवर हे लिहिलेलं असतं तिचीच किंमत पुढे सगळ्यात जास्त चढते.

त्यातही लाइव्ह अल्बमच्या प्रोमोची कथा अगदी मसालेदार. सत्तरच्या दशकात लोक कार्यक्रमांचं चोरून रेकॉर्डिंग करायचे आणि तबकड्या छापून विकायचे. त्या ‘बूटलेग’. कंपन्या वैतागल्या, पण त्यांना कळत होतं की चाहत्यांना हे कच्चं, घामेजलेलं रेकॉर्डिंगच जास्त आवडतंय. मग त्यांनीच चोराचा वेष घेतला! १९७५मध्ये ए अँड एम कंपनीने निल्स लॉफग्रेनचा ‘बॅक इट अप’ रेडिओवाल्यांना पाठवला. कव्हरवर चक्क लिहिलेलं, हा अधिकृत बूटलेग आहे. टॉम पेटीचा ‘ऑफिशियल लाइव्ह लेग’ तसाच, १९७६च्या डिसेंबरात बोस्टनला झालेल्या कार्यक्रमातला. पुढे काय झालं असेल? खऱ्या चोरांनी या प्रोमोंच्याही नकला छापल्या. सावकाराने चोराचं सोंग घेतलं आणि चोराने त्या सोंगाचंच दुकान काढलं!

एल मोकॅम्बोच्या तर इतक्या नकला निघाल्या, की खरी प्रत समोर आली तरी लोक आधी संशयाने बघतात. लेबलच्या भोवती जो गुळगुळीत गोल भाग असतो, तिथे कोरलेले आकडे बघायचे. तबकडीची जन्मखूण तीच.

हे ज्ञान मला आधी होतं का? छे! मी मामाच्या ओसरीवर बसून त्या गोल भागाचा फोटो काढला आणि पुण्याच्या एका मित्राला पाठवला. तो यातला दर्दी. पाच मिनिटांत उत्तर, ‘‘अगं, ही नक्कल आहे.’’

झालं! शूज गेले, भाडं लटकलं, हातात चोराची तबकडी. विकणाऱ्याने मेसेजना उत्तर देणं केव्हाच बंद केलं होतं. मामी म्हणाली, चहा घे. मी चहा घेतला.

मामाने मात्र नक्कल लावली. बाहेर पाऊस, आत अटरली अनोळखी टोरांटोतली ओरडणारी माणसं. दोन गाणी शांतपणे ऐकून मामाने विचारलं, ‘‘हीच गाणी दुकानातल्या तबकडीर नाय?’’

आहेत की. पण वेगळी. स्टुडिओत जमवून केलेली. त्या रात्री बारमध्ये तो जरा जास्त वेगात गायला, मध्येच लोकांशी बोलला. तसं पुन्हा होणार नाही. हा कार्यक्रम १९९३मध्ये बॉक्स सेटमधून आणि २००९मध्ये स्वतंत्रपणे रीतसर बाजारात आला. आज कोणीही ऐकू शकतं. तरी त्या पहिल्या ५०० प्रतींसाठी लोक जीव टाकतात...

‘‘म्हणजे दशावतारासारख्या,’’ मामा म्हणाला.

आणि माझी ट्यूब पेटली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, बाकी राजा आणि राक्षस रंगमंचावर उभे राहून तिथल्या तिथे बोलतात. पेटी आणि पखवाज त्यांच्या मागे धावतात. आज रात्री रंगलेली जुगलबंदी उद्या पुढच्या गावात तशी होत नाही. आमच्याकडच्या प्रत्येक जत्रेत एक लाइव्ह अल्बम होतो आणि पहाटे विरून जातो.

‘‘पाचशे म्हणजे खूप झाल्यो,’’ मामा कपाटाकडे जात म्हणाला. ‘‘माझ्याकडली एकच आसा.’’

कॅसेट. साठ मिनिटांची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामाने जत्रेत देवळाच्या पायरीवर टू-इन-वन ठेवून नाटकाचा रंगलेला भाग टेप केला होता. चुकून कोणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला. आणि त्या भोकावर पिवळी पडलेली सेलोटेप.

ती सेलोटेप मी ओळखली. मीच लावली होती.

पाचवीची मे महिन्याची सुट्टी. मला रेडिओवर बोलायचं होतं. हाताशी कोरी कॅसेट नव्हती. कोणीतरी मला सांगितलं होतं, की भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्ड होतं. झालं! मामा आला तेव्हा मी ‘नमस्कार श्रोतेहो’ करत होते. तो काही बोलला नव्हता. मास कॉमच्या मुलाखतीत ‘लहानपणापासून रेडिओची आवड’ हे वाक्य मी किती ऐटीत फेकलं होतं! त्या आवडीची किंमत कोणी दिली, ते आज कळलं.

लगेच वाजवायला निघालेल्या मला मामानेच अडवलं. कोकणातला पाऊस म्हणजे टेपवर पांढरी बुरशी. तशी कॅसेट यंत्रात घातली तर टेप आणि हेड दोन्ही खराब. म्हणून तिला दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवलं. मग पेन्सिलने हळूहळू फिरवली. (तुमच्याही घरी जुना खजिना असेल तर हे लक्षात ठेवा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि आजोबांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.)

तिसऱ्या दिवशी, टू-इन-वनची वायर लॅपटॉपला जोडून, बटण दाबलं.

दहा वर्षांची मी. बातम्या, हवामान, मामीची मुलाखत (‘‘आज जेवणात काय?’’ ‘‘तिरफळ घातलेली बांगड्याची कढी’’), एक बेसूर गाणं. जवळजवळ वीस मिनिटं! मी मान खाली घालून बसले. मग खट्ट असा आवाज आला आणि मधूनच, अर्ध्या वाक्यातून, राजा गरजला. मागे पखवाज, लोकांचं हसणं, कुठेतरी रडणारं पोर. दुसरी बाजू तर पूर्ण शाबूत.

‘‘मामा, तू तेव्हाच का नाही ओरडलास? माझं पुसून नवं तरी भरायचंस.’’

‘‘तुझो पयलो प्रोग्राम तो. पुसून कसो टाकू?’’

आता लॅपटॉपमध्ये एक, मामाच्या फोनमध्ये एक आणि माझ्याकडे एक, अशा तीन प्रती आहेत. टोरांटोची नक्कल मी ठेवून घेतली, ऐकायला वाईट नाही. मूळ कॅसेट बांद्यालाच. निघताना मी तिच्यावरची सेलोटेप काढली आणि लेबलवर पेनाने तीच ओळ लिहिली, जी मी इतके दिवस दुसऱ्यांच्या तबकड्यांवर शोधत होते.