‘जाऊ द्या’ म्हणणारा ग्राहक

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या समाजाने अनुभवातून घडविली. बारा हजारांच्या बिघडलेल्या यंत्रासाठी वकिलाचे शुल्क आणि वर्षानुवर्षांच्या तारखा कोण सोसणार? परंतु ग्राहकाच्या बाबतीत ही म्हण आज फसविणाऱ्याच्याच सोयीची ठरली आहे.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, तेव्हा ग्राहकापाशी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सामान्य माणसाची वाट आणखी सुकर केली. आपण जिथे राहतो वा काम करतो, त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. पावती, हमीपत्र, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार आणि शपथपत्र जोडून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. निकाल मान्य नसेल तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते; मात्र विक्रेत्याला अपील करायचे असेल तर आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

मग अडते कुठे? वस्तूची तपासणी आवश्यक नसेल तर शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. पण न्याय देणारी आसनेच रिकामी असतील तर कायदा काय करणार? आयोगांतील रिक्त पदांचा प्रश्न २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून हाती घ्यावा लागला. जिल्हा आणि राज्य आयोगांवरील नियुक्त्या हे राज्य शासनाचे कर्तव्य आहे. त्यातील दिरंगाई म्हणजे अप्रामाणिक व्यापाराला दिलेले मूक अभय होय.

तथापि सारा दोष शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. ‘जाऊ द्या, किती रुपयांचा प्रश्न!’ म्हणून आपण गप्प बसतो, तेव्हा उद्या फसणाऱ्या शेजाऱ्याचेही नुकसान करतो. शिवाय सचोटीने धंदा करणाऱ्यावरही अन्याय करतो. हक्काचे बारा हजार मागणे हा कज्जेदलालपणा नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य आहे.