बाहुलीचे माप आणि बालकाची भूक

मोटारगाडी अडथळ्यावर आदळवून तिची सुरक्षितता तपासताना आत माणसाऐवजी मापाची बाहुली बसवितात. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत मागील आसनावर दीड व तीन वर्षांच्या बालकांच्या प्रतिकृती असतात. त्यांची घडण युरोपातील. तीन वर्षांच्या प्रतिकृतीचे वजन सुमारे १४.५ किलो.

आता खानदेशातील अंगणवाडीच्या तराजूकडे वळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार तीन वर्षांच्या मुलाचे वजन ११.३ किलोपेक्षा कमी असेल तर तो कमी वजनाचा ठरतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के बालके अशी कमी वजनाची आढळली. म्हणजे राज्यातील तिसरा हिस्सा बालके ज्या बाहुलीच्या भरवशावर गाडीत बसतात, ती त्यांच्याहून बरीच धष्टपुष्ट आहे! हा हिशेब केवळ किलोंचा नाही. अंग बारीक असले की पट्टा सैल राहतो, कमरेच्या हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो आणि धक्क्याच्या क्षणी रक्षणकर्ताच घातक ठरतो. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना बसविल्यास २०१९ च्या दुरुस्तीने एक हजार रुपये दंड ठेवला. पट्टा कोणाच्या मापाचा, हे मात्र कायदा पालकाला सांगत नाही.

तेव्हा ‘प्रादेशिक मापाची बाहुली करा’ ही मागणी रास्तच आहे. परंतु साथींनी येथे सावध राहिले पाहिजे. प्रदेशातील मुलांची सरासरी काढून तिलाच ‘भारतीय बालक’ म्हटले, तर उपासमारीला सरकारी प्रमाणपत्र मिळेल. खुरटलेपणा हे खानदेशी वंशाचे लक्षण नव्हे. ते रेशनच्या आणि मजुरीच्या दराचे लक्षण आहे. मोठ्यांच्या चाचणीत सुमारे ७८ किलोचा पुरुष आणि सुमारे ४९ किलोची लहानखुरी स्त्री अशा दोन्ही बाहुल्या जगभर वापरतात. मग बालकांच्या बाबतीतच एका वयाला एक बाहुली का? सुदृढ मुलाची हवी, तशीच हाडकुळ्या मुलाचीही हवी, आणि गाडी दोघांवर उतरली पाहिजे.

शिवाय ही चाचणी कारखानदाराच्या मर्जीची, आणि तीही फक्त साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींपुरती. नरडाण्याजवळून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गावर मुले मुख्यतः काळीपिवळीत कोंबलेली असतात, मोटारसायकलच्या टाकीवर असतात, नाहीतर एस.टी.च्या थांब्यावर उभी असतात. याच महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. थांब्यावर वाट पाहणारेही त्यात सापडले. त्यांना कोणत्या बाहुलीने वाचविले असते?

मापे घ्यायची तर अंगणवाडीसेविका वजन-उंची दरमहा घेतच आहेत. बसल्या उंचीची व खांद्याच्या रुंदीची जोड देऊन ती पुण्यात १९६६ पासून उभ्या असलेल्या वाहन संशोधन संस्थेकडे द्यावीत, आणि सेविकांना त्या जादा कामाचा मोबदला द्यावा. चाचणी सक्तीची व्हावी, शाळेच्या गाड्याही तीत याव्यात. आणि त्याच तराजूवर जे मूल कमी भरेल, त्याच्या घरी धान्य त्याच आठवड्यात पोचावे.